घरातलं घरात

तात्यांचा आवाज वेशीपासून ऐकू आला की मी ओळखते, आज मोबाईलवर कुणीतरी काहीतरी बोललंय. तात्या म्हणजे माझे वडील. अख्खं शेळगाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून आम्ही लेकरंही तेच म्हणतो. त्या रविवारी मी बारामतीहून ऊन चढायच्या आत निघाले होते. स्कूटी वळवून घरापुढे आणली तर ओट्यावर ढोबळी मिरचीचे क्रेट रचलेले, तात्या खाटेवर मांडी घालून बसलेले, समोर शेजारचे दोघं-तिघं आणि मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला.

"ये, ये, बघ ह्याचं त्वांड!" मला हेल्मेटसुद्धा काढू दिलं नाही.

मोबाईलवर आपल्याकडचा एक पुढारी कुठल्याशा परदेशातल्या सभागृहात बोलत होता. इंग्रजीत. कुणीतरी खाली मराठी अक्षरं टाकली होती. आमच्या देशातलं सरकार माणसांना बोलू देत नाही, शेतकऱ्याचं ऐकत नाही, असं काहीबाही. समोरची मंडळी टाळ्या वाजवत होती.

"आरं, सरकार वाईट हाय तर हितं सांग की! बारामतीच्या चौकात सांग, दिल्लीत सांग, कोण न्हाय म्हणतंय? तितं गोऱ्यांच्या दारात जाऊन आपल्या घराची लक्तरं कशाला टांगतो?"

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. "हितं सांगितलं की तुम्हीच म्हणता, ह्याला दुसरा धंदा नाही."

"त्ये येगळं."

"आणि तुमच्या पक्षाचा माणूस विरोधात होता तेव्हा तोही बाहेर जाऊन हेच बोलला होता. तुम्ही मला तो व्हिडिओ पाठवला होता, तात्या. वर दोन अंगठे टाकून."

"तवाचं सरकार खरंच वाईट व्हतं!"

ओट्यावर हशा पिकला. तात्या स्वतःसुद्धा मिशीत हसले, पण लगेच आवाज चढला. "हसताय काय? भावाभावाचं भांडण असंल, उद्या डोकी फुटतील, पण ते घरात. पाव्हण्यापुढं दोघांनी एका ताटात जेवायचं. एवढी रीत ज्याला कळंना, त्यानं देश काय सांभाळायचा? आपलं भांडण ऐकून तितली माणसं हितं येऊन आपलं भलं करणार हायेत का? त्यांची करमणूक व्हती निस्ती."

ह्यात अगदीच काही नाही असं मला म्हणता येईना, म्हणून मला जास्तच राग आला. त्या पुढाऱ्याचं ते टाळ्या पडल्यावर थांबणं, घोट घोट पाणी पिणं मलाही आवडलं नव्हतं. पण मी म्हटलं, "आत बोललं तर घरभेदी, बाहेर बोललं तर देशाची लाज काढली. मग माणसानं बोलायचं कुठं? विहिरीत?"

"हिला सगळ्यात भेसळच दिसती," तात्या बाकीच्यांना म्हणाले.

मी एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायच्या लॅबमध्ये आहे. टँकर आला की नमुना घ्यायचा, बरोबर असेल तर आत, नसेल तर गाडी माघारी. नको म्हणण्याचा पगार मिळतो मला. तात्यांना ह्याचा अभिमान आहे आणि ह्याच गोष्टीचा तापही होतो.

एवढ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे चुलते, तात्यांचे धाकटे भाऊ. दोन घरांच्या मध्ये फक्त एक भिंत. त्यांना बघून शेजारची मंडळी उठली, कारण अण्णांचा चेहराच सांगत होता की घरचं बोलणं आहे.

"दादा, सुप्याचं पाव्हणं आज चौकशीला येणार हायेत. एष्टी स्टँडवर कुणीतरी बघितलं म्हणं. तेवढं जरा..."

"येऊ द्या की," तात्या म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी असं करतात. न सांगता मुलाच्या गावात यायचं. चहाच्या हॉटेलात बसायचं, गिरणीत, पंपावर, शाळेपुढे दोन माणसांना विचारायचं, की घर कसं हाय, पोरगं कसं हाय. आणि गावाची रीत अशी, की कुणी वाईट सांगायचं नाही. कुणाच्या लग्नात मोडता घालणं ह्याच्यासारखं पाप नाही, असं लहानपणापासून ऐकलंय. दारू पिणाऱ्याला 'जरा मोकळा माणूस हाय' म्हणायचं. आळशाला 'शांत' म्हणायचं. पाहुणेही हे जाणून असतात, म्हणून ते शब्द ऐकत नाहीत, सांगणाऱ्याचं तोंड बघतात.

लग्न अण्णांच्या मुलाचं ठरत होतं. माझा चुलतभाऊ. आमच्याच एमआयडीसीत एका कारखान्यात कायम नोकरीला, गोरागोमटा, बोलायला मध. कंपनीच्या गेटवर दिसला की "अक्का, चहा घेऊन जा" म्हणतो, मोटरसायकलवरून उतरून पाया पडतो. बाहेर त्याच्याविषयी कुणाला विचारा, सोन्यासारखं पोरगं म्हणतील.

आणि हा सोन्यासारखा पोरगा घरी आईला मारतो.

गल्लीला माहीत आहे. भिंत एकच असल्यामुळे आम्हाला जरा जास्तच माहीत आहे. मागच्या दिवाळीत काकीचा हात मोडला तेव्हा तिला बारामतीच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काकी म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला." माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे मी काही बोलू नये. मी घरी येऊन तात्यांपुढे थयथयाट केला. पोलिसात जाऊ म्हटलं. तात्यांचा चेहरा पडला होता, जेवले नाहीत त्या दिवशी. पण म्हणाले एवढंच, "घरातलं घरात बघू." आणि ते घरात बघणं राहून गेलं. मिरचीचे तोडे आले, पाण्याची पाळी आली, अण्णांशी भांडण नको, सगळं जिथल्या तिथे.

अण्णा गेल्यावर मी तात्यांपुढे उभी राहिले.

"तुम्ही काय सांगणार आहात?"

"माझ्याकडं कशाला येतील? भावकीत चौकशी करत न्हाईत."

"आले तर?"

"आले तर बघू. तू आत जा, आईला चहाचं बघ."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चाळिशी उलटलेली बाई मी, टँकरच्या टँकर माघारी लावते, आणि इथे आले की चहाचं बघ! पण गेले आत. कारण आईने दारातूनच डोळे मोठे केले होते.

आई भाकरी थापत होती. "तू मधी पडू नगंस," ती हळू म्हणाली. "लगीन झालं की सुधरतात पोरं."

"कुणाच्या जिवावर सुधारतात, आई?"

तिने भाकरी तव्यावर टाकली.

ते आलेच. चहाच्या हॉटेलवाल्याने म्हणे सांगितलं, खरं ऐकायचं असंल तर तात्यांकडं जावा, भावकीतले असले तरी खोटं बोलायचे न्हाईत. तात्यांच्या ह्या नावाचा मला एरवी अभिमान वाटतो. त्या दिवशी वाटलं, कुठून कमावलं हे नाव!

मुलीचे वडील एकटेच होते. धुवट पांढरा सदरा, पायात नव्या चपला, चावत असाव्यात, कारण ओट्यावर येताच त्यांनी त्या आधी काढल्या. मी आतल्या दाराच्या आडून बघत होते. तात्यांनी पाणी दिलं, बसा म्हटलं. पाऊसपाणी झालं. मग गृहस्थ सावकाश विषयावर आले.

"आमच्याकडं तुमाला म्हाईत हाय, पाण्याची बोंब. पोरगी शिकली, फार्मसी केली, तरी घरी आली की हंडा घ्यावाच लागतो. म्हटलं, कॅनॉलच्या गावात दिली तर तिला तेवढं तरी न्हाय."

"पाणी हाय," तात्या म्हणाले. "पाण्याला काय तोटा न्हाय."

"घर?"

"घर बांधलेलं हाय, स्लॅबचं. रानबी बरं हाय. पोरगं कामाला हाय, कायम हाय."

एकही शब्द खोटा नव्हता. मला वाटलं, असं खरं बोलण्यापेक्षा खोटं परवडलं.

"पोरगी लई भित्री हाय हो," ते हसून म्हणाले, पण हसू टिकलं नाही. "घरात कुणाचा आवाज चढला की जेवत न्हाय. लहानपणापासनं तसंच. माझाच आवाज मोठा, मग मीच कमी केला. म्हणून तर एवढा लांब चौकशीला आलो. पोरगं सभावाला कसं हाय, तात्या?"

आत आईने माझं मनगट धरलं होतं, पिठाच्या हाताने, घट्ट. बाहेर एक टेंपो गेला, तात्यांनी मान वळवून तो जाईपर्यंत बघितला.

"आता आपल्याच घरातलं पोरगं," शेवटी तात्या म्हणाले. "मी काय सांगू? कंपनीत कुणालाबी इचारा."

तोंड कसं दिसत असेल त्यांचं, मला पाठीमागून दिसत नव्हतं. पाहुण्यांना दिसत होतं. ते तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

मी आईचा हात सोडवला, चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर गेले. ठरवलं होतं, कप ठेवायचा आणि सांगून टाकायचं. जीभ टाळूला चिकटली होती. लॅबमध्ये कधी अशी होत नाही. तिथे माझ्या मागे मशीन असतं, आकडा असतो. इथे माझ्या मागे आई होती, भिंतीपलीकडे अण्णा होते, आणि पुढे बसलेला माणूस माझा कुणी नव्हता. त्या क्षणी मला सकाळचे तात्या कळले, हे मी कबूल करते. परक्यापुढे घरातलं बोलायला तोंड उघडताना खरंच जड जातं.

पाहुण्यांनी कप घेतला नाही. माझ्याकडे बघितलं. "ही लेक का तुमची?"

"व्हय. थोरली."

"मग तात्या, एवढंच सांगा. ही कुवार असती, तर दिली असती का त्या घरात?"

हा प्रश्न चौकशीत विचारतात. नेहमीचाच आहे, आणि त्याचं उत्तरही नेहमीचं आहे. 'व्हय की, डोळं झाकून.' मी लहानपणी आमच्या ओट्यावर तात्यांच्याच तोंडून दहा वेळा ऐकलंय, दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रे पोटाशी धरून उभी होते.

"न्हाय," तात्या म्हणाले.

पाहुण्यांनी मान हलवली. का म्हणून विचारलं नाही. तात्यांनीच पुढे सांगितलं, खाली बघत, "आईवर हात टाकतो. आमी शेजारी ऱ्हातो, आमाला ऐकू येतं."

मग पाहुण्यांनी चहा घेतला. सगळा घेतला, कारण टाकून उठणं बरं दिसलं नसतं. चपला घालताना म्हणाले, "तुमचं नाव घेणार न्हाय मी."

"घ्या. चोरी केली न्हाय मी," तात्या म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता.

ते गेल्यावर आईने भाकऱ्या झाकून ठेवल्या. तात्यांनी उगीच क्रेटमधल्या मिरच्या उचलून पुन्हा तिथेच ठेवल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि तसं आमच्यात करत नाहीत. भीतीही वाटत होती. आता काय होणार, हे तिघांनाही माहीत होतं.

जेवायच्या आधीच झालं. पाहुण्यांनी स्टँडवरूनच अण्णांना फोन केला असावा. अण्णा आले ते चप्पल फेकतच, आणि त्यांच्या मागे मोटरसायकल ओट्याला जवळजवळ टेकवून चुलतभाऊ.

"कुणी सांगितलं?" तो माझ्याकडे बोट करून ओरडला. आज पायाबिया नाही. "ह्या बाईनं सांगितलं आसंल! बारामतीत ऱ्हाऊन लई शहाणी झालीया!"

मी पुढे झाले.

"मी सांगितलं," तात्या म्हणाले.

अण्णा एकदम थांबले. मग त्यांचा जो आवाज चढला! "दादा! तुमी? परक्या माणसापुढं? सकाळच्या पारी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, तुमी त्या पुढाऱ्याला शिव्या घालत व्हता. गोऱ्यापुढं देशाची लाज काढली म्हणून! आन तुमी काय केलं? सुप्याच्या माणसापुढं सख्ख्या भावाच्या घराची अब्रू मांडली! त्याच्यात आन तुमच्यात काय फरक हाय, सांगा की!"

तात्या म्हणाले, "फरक हाय. माझ्यापुढं पोरीचा बाप बसला व्हता. त्याच्यापुढं कोण बसलं व्हतं? टाळ्या वाजवणारं."

हे उत्तर मी अजून मनात घोळवते. मला ते पुरतं पटलेलं नाही. त्या सभागृहातही कुणाची तरी मुलं बसली असतील, उद्या इथे परत यायचं की नाही ह्याचा विचार करणारी. त्यांनाही घर कसं आहे हे कुणीतरी खरं सांगायला हवं की. पण त्या वेळी मला तात्या बरोबर वाटले, कारण ते माझे होते आणि समोर तो चुलतभाऊ उभा होता.

"पोरीचा बाप!" अण्णा थुंकल्यासारखं म्हणाले. "आन मी कोण? एवढं सलत व्हतं तर मला बोलायचं व्हतं. घरात बोलायचं व्हतं. हितं, ह्या ओट्यावर. कदी बोललासा का? येकदा तरी?"

तात्यांची नजर दोन घरांमधल्या भिंतीकडे गेली.

चुलतभाऊ ओट्याची पायरी चढला. तात्यांवर हात उगारणार होता की नुसता जवळ येत होता, मला अजून सांगता येणार नाही. आईने आतून किंचाळून त्याचं नाव घेतलं. आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "खाली उतर."

काकी होती. दोन घरांमधल्या बोळातून आली होती, कधी आली कुणी बघितलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, एवढा की तोंड अर्धंच दिसत होतं. थोरल्या दिरापुढे ती अशीच यायची, आणि यायची म्हणजे दाराआड उभी राहायची. इतक्या वर्षांत ती तात्यांशी समोरून बोललेली मी पाहिली नव्हती.

चुलतभाऊ उतरला नाही, पण वरही आला नाही.

"तू घरी जा," अण्णा तिच्यावर खेकसले.

ती गेली नाही. ती तात्यांकडे बघत होती, पदराखालून, सरळ.

"तात्या," ती म्हणाली, "सुप्याच्या पाव्हण्याला सांगितलंसा, ब्येस केलंसा. कुणाची तरी पोर वाचली." ती एक पाऊल पुढे आली. "पर मला कदी इचारलं न्हाय. घरातलं घरात बघू म्हणायचा तुमी. भिंतीतनं मला ऐकू यायचं. मी घरातच व्हते की, तात्या."

मी तात्यांकडे बघू शकले नाही, म्हणून मी काकीच्या हाताकडे बघितलं. दिवाळीत मोडलेला तो हात नीट जुळला नव्हता. मनगटाशी जरा वाकडाच राहिलाय.

तात्या खाटेवरून सरकले. अर्धी खाट मोकळी झाली. "बस," ते म्हणाले.

काकी दचकली. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराच्या बरोबरीने बसत नाही, जमिनीवरसुद्धा नाही, खाट तर लांबच.

"बस म्हणतो न्हवं. ह्यो बी उभा ऱ्हाईल आन ह्याचा बाप बी. ऐकू दे दोघांना." तात्या काकीकडे वळले. "आता सांग, बाई. आज इचारतोय मी. पैल्यापासनं सांग."

काकी बसली. अगदी कडेला, पडेल की काय अशी. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. आई दारात येऊन थांबली. अण्णांनी तोंड रस्त्याकडे केलं होतं, पण ते गेले नाहीत.

काकीने पदर जरा मागे घेतला. मग तात्यांना विचारलं,

"दिवाळीपासनं सांगू, का त्याच्या आधीचं बी?"